रिकामा खिळा

“मॅडम, एकही खिळा रिकामा असला तर घरी जायचं नाही,” असं नागोराव काकांनी रुपालीला ती बँकेत रुजू झाली त्या पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. तिनं मान डोलावली आणि फाटकाबाहेर पडेपर्यंत ती ते विसरूनही गेली. म्हाताऱ्या माणसांची बोलायची एक तऱ्हा असते, तसलंच काहीतरी असेल, असं तिला वाटलं. शिवाय तिला बँकेत घेतलं होतं तेच मुळी कॉम्प्युटरसाठी. खिळ्यांशी तिचा काय संबंध?

खिळे होते ते काकांच्या खुर्चीमागच्या सागवानी फळीवर. काका बँकेचे रोखपाल. प्रत्येक खिळ्याखाली पांढऱ्या रंगानं आकडा घातलेला आणि खिळ्याला त्याच आकड्याचं पितळी टोकन अडकवलेलं. पैसे काढायला आलेल्या माणसानं स्लिप दिली की त्याच्या हातात एक टोकन पडायचं. मग स्लिप आत फिरायची, कुणी खातं बघायचं, कुणी सही पडताळायचं, आणि शेवटी काका पुकारा करायचे. टोकन द्यायचं, पैसे घ्यायचे. टोकन परत आपल्या खिळ्यावर. संध्याकाळी फळी भरलेली दिसली की समजायचं, आज जो जो आला तो तो आपलं काम उरकून घरी गेला.

बँक होती शेतकऱ्यांची. पुरंदरच्या बाजूच्या भाजी-फुलवाल्यांनी भाग गोळा करून उभी केलेली सहकारी बँक. विहिरीवरची मोटर, ठिबक, संकरित गाय असल्या गोष्टींना कर्ज देणारी. मुख्य कचेरी तिकडे घाटाच्या वर. पुण्यात ही एकच शाखा, तीही मार्केट यार्डाच्या भिंतीला टेकून, कारण सगळ्यांचा माल पहाटे इथेच उतरायचा. म्हणून शाखा सकाळी आठलाच उघडायची आणि काउंटरवर मेथीची पानं, झेंडूच्या पाकळ्या, ओल्या गोणपाटाचा वास हे सगळं रोजचंच असायचं.

तिकडे खराडीला आयटीच्या काचेच्या इमारती उठायला लागल्या होत्या. रुपालीचा नवरा दत्तप्रसाद त्यातल्याच एकीत होता. कंपनीची बस त्याला सकाळी उचलून न्यायची आणि परत आणून टाकायची वेळ बसलाच ठाऊक. दोघं वाशीमकडचे. पुण्यात ना आई, ना सासू. बिबवेवाडीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, पाळण्यात मुक्ता, आणि समोरच्या दारात सितारा आपा.

सितारा आपा होती म्हणून रुपालीची नोकरी होती. आपाचा नवरा मन्सूरभाई गॅसच्या शेगड्या दुरुस्त करायचा, दोन्ही मुलं शाळेला जाणारी, त्यामुळे दिवसभर मुक्ता तिच्याकडे. पण मुक्ता बाटली तोंडात घ्यायची नाही. म्हणून दुपारी आपा तिला दुपट्यात गुंडाळून रिक्षानं बँकेत आणायची, रुपाली रेकॉर्डच्या खोलीत तिला पाजायची आणि आपा मागच्या दारानं परत घेऊन जायची. एवढ्या वेळात रुपाली मुलीला डोक्यापासून नखापर्यंत तपासून घ्यायची.

“हे काय लाल दिसतंय मानेवर?”

“घामोळं.”

“थंडीत घामोळं?”

“तू हिला तीन स्वेटर घालतेस ना, मग थंडी कुठून लागणार तिला? घामोळंच येणार,” आपा म्हणायची. “रुपाली, मी दोन वाढवलीत. जिवंत आहेत दोघंही. संध्याकाळी येऊन बघ हवं तर.”

रुपाली हसायची; पण रात्री मुक्ता झोपली की तिच्या नाकापुढे बोट धरून श्वास येतोय ना बघायची, ते काही तिनं सोडलं नाही.

तर त्या सोमवारी बँकेत मोठा बदल होता. छताला लाल आकड्यांची विजेची पाटी लागली होती. काकांनी पुकारा करायचा नाही, नुसतं बटण दाबायचं, पाटीवर आकडा लागेल आणि ज्याचा आकडा तो पुढे येईल. सध्या आकडा पितळी टोकनावरचाच. महिनाअखेर टोकनं जाऊन कागदाच्या चिठ्ठ्या येणार होत्या. शाखाधिकारी हिंदुराव साहेब सकाळपासून पाटीखाली उभे होते, जसं काही घरी लग्नच आहे.

“नागोराव, नावानं हाका मारायच्या नाहीत हं आता. मशीन आहे.”

“मशीनला माणसं ओळखू येतात का साहेब?”

“ओळखायची गरज काय? पैसे द्यायचेत, सोयरीक जमवायची नाहीये.”

बटण दाबताना काकांचं बोट असं चालत होतं, जणू विंचवावर ठेवताहेत.

दुपारच्या सुमाराला आनंदीबाई आल्या. शेवंतीवाल्या. हिरवं नऊवारी, पदर घट्ट खोचलेला, कानात मोत्याच्या कुड्या. नवरा गेल्यावर शेत त्यांनीच धरलं, बँकेच्या कर्जातून विहिरीवर मोटर बसवली, तेही कधीच फेडून मोकळ्या झाल्या. वार्षिक सभेला पहिल्या रांगेत बसायच्या आणि ‘आपली बँक’ म्हणायच्या. त्यांनी स्लिप दिली, काकांनी टोकन दिलं, आणि त्या रुपालीच्या टेबलासमोरच्या बाकावर टेकल्या.

नेमकी तेव्हाच आपा मुक्ताला घेऊन आली, आणि नेमका तेव्हाच कॉम्प्युटर अडकला. पडदा निळा, त्यावर पांढरी अक्षरं. मुक्ता भुकेनं टाहो फोडतेय, रांगेतली माणसं माना उंचावताहेत, रुपालीला ना उठता येतंय ना बसवतंय.

“आना हिकडं,” आनंदीबाई म्हणाल्या आणि आपानं उत्तर द्यायच्या आत त्यांनी मुक्ताला मांडीवर घेतलंही. “रडू नगं माजी बाय. ह्ये बग काय हाय. चकाकतंय बग कसं.”

त्यांनी हातातलं टोकन मुक्तापुढे नाचवलं. मुक्तानं ते धरलं आणि ती गप्प झाली. मग दुसऱ्या हातानं आनंदीबाईंच्या कुड्या ओढायला लागली.

“वढ, वढ. कान माजं पक्कं हायती.” बाई तिच्याशी बोलत राहिल्या. “माज्या भाग्यश्रीलाबी लेक झालीया. टायमाच्या आदी आली बग, काचंच्या पेटीत ठिवलीया. वंजळीत मावल येवढीशी. कसब्यात, गनपतीच्या मागल्या बोळात दवाखाना हाय. डाक्टर म्हनलं, इंजिक्शन लागंल, सांजच्यापातूर आना. मंग तीबी तुज्यावानी गुबगुबीत हुनार. व्हय का न्हाई?”

रुपालीला हे सगळं ऐकू येत होतं, पण रेडिओ चालू असावा तसं. तिचे डोळे निळ्या पडद्यावर. कॉम्प्युटर पुन्हा चालू झाला तेव्हा तिच्या पाठीमागे हिंदुराव साहेब उभे होते.

“रुपालीबाई, ही बँक आहे की बालवाडी? तसं असेल तर सांगा, बाहेरची पाटी बदलून घेतो.”

“साहेब, पाच मिनिटं फक्त...”

“पाच मिनिटं रोजचीच आहेत. तुम्ही अजून कायम झालेल्या नाहीत, हे मी आठवण म्हणून सांगतोय, धमकी म्हणून नाही. मूल पुन्हा काउंटरवर दिसलं तर मला वर कळवावं लागेल.”

रुपालीचा चेहरा उतरला. तो आनंदीबाईंनी पाहिला. त्यांनी मुक्ताला चटकन आपाच्या हातात दिलं, दुपटं सारखं केलं, आणि आपा रेकॉर्डच्या खोलीकडे पळाली. तिथे मुक्ता पिता पिताच झोपली. आपानं तिला गुंडाळून मागच्या दारानं रिक्षात घातलं. टोकनाचं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

कुणाच्या म्हणजे, एका माणसाच्या आलं; पण तोवर रिक्षा निघून गेली होती.

दुपार कलली. पाटीवर आनंदीबाईंचा आकडा लागला, लुकलुकला. पुढे कुणी आलं नाही. काकांनी जरा वाट पाहिली, मग साहेबांचे वटारलेले डोळे न जुमानता नावानं हाक मारली. बाक रिकामा होता. चहाला गेल्या असतील म्हणून त्यांनी पैसे बाजूला काढून ठेवले आणि पुढचा आकडा लावला.

चार वाजत आले. शटर अर्धं खाली आलं. फळीवर सगळी टोकनं लटकत होती. मधोमध एकच खिळा उघडा.

“साहेब, तिजोरीला किल्ली लावता येणार नाही,” काका म्हणाले. तिजोरीला दोन किल्ल्या, एक त्यांची, एक साहेबांची. दोन्ही लागल्याशिवाय ती मिटायची नाही.

“का? किल्ली हरवली का टोकन?”

“टोकन. आनंदीबाई पैसे न घेताच गेल्यात.”

“त्यांचे पैसे, त्यांची मर्जी. उद्या येतील.”

“ज्या बाईनं इतक्या वर्षांत टोकन कधी पदराआड केलं नाही, ती टोकन घेऊन जाईल आणि पैसे ठेवून जाईल?” काकांनी रुपालीकडे पाहिलं. “मॅडम, तुम्ही सांगा.”

रुपालीच्या डोळ्यांपुढे मुक्ताच्या मानेवरचा लाल ठिपका होता. आज तो मोठा दिसला होता का? ती म्हणाली, “काका, सोपं आहे ते. नोंद रद्द केली की पैसे खात्यात परत जातात. बघा.” तिनं कळ दाबली. आकडे जुळले, छपाईयंत्र करकरलं, दिवस बंद झाल्याचा कागद बाहेर आला. “झालं. टॅली आहे.”

“कागद टॅली आहे,” काका म्हणाले. “खिळा रिकामा आहे.”

“काका, प्लीज. माझी मुलगी वाट बघतेय.”

“जा तुम्ही,” ते शांतपणे म्हणाले आणि फळीकडे तोंड करून बसले. साहेबांनी कपाळाला हात लावून चहा सांगितला.

रुपालीनं स्कूटी काढली, तोंडाला ओढणी गुंडाळली. पुण्यात दुचाकीवरच्या बायका-पोरी ओढणी अशी बांधतात की सख्ख्या आईनंही ओळखू नये. डोळे तेवढे बाहेर, त्यावरही गॉगल. फाटकाशी टेंपोंची गर्दी होती. त्या गर्दीत एक म्हातारी धुळीसाठी पदर नाकाला लावून उभी होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीकडे वाकून बघत होती. रुपालीची स्कूटी जवळ आली तशी तिनं हात वर केला. पत्ता विचारत असेल. रुपालीनं हॉर्न दिला आणि तिला वळसा घालून निघून गेली.

घरी आली तर मुक्ता खेळत होती. मानेवरचा ठिपका नव्हताच. रुपालीनं तिला उचलून पोटाशी धरलं, तोच आपा आतून दुपटं झटकत बाहेर आली आणि फरशीवर खणकन काहीतरी पडलं.

“हे तुमच्या बँकेचं दिसतंय,” आपानं ते उचललं. “तरीच म्हटलं, झोपेत हिला टोचतंय काय.”

पितळी टोकन. मधलं, उघड्या खिळ्याचं.

रुपालीच्या मनात आधी आलं ते एकच: हे हिनं गिळलं असतं तर? एवढं मोठं टोकन गिळता येत नाही हे तिला कळत होतं. कळून काय होतं? तिनं मुक्ताचं तोंड उघडून बोट फिरवलं, मुक्ता चावली, आपा ओरडली, “अगं ते बाहेर आहे, आत काय शोधतेस?”

आणि मग दुसरी गोष्ट आठवली. ती एकदम आठवली नाही, तुकड्यातुकड्यांनी आली. वंजळीत मावेल एवढीशी. काचेची पेटी. सांजच्यापातूर. फाटकाशी हिरवं लुगडं. वर केलेला हात.

“आपा,” ती म्हणाली, “ती मला शोधत होती.”

“कोण?”

“साहेबांसमोर बोलली असती तर त्यांना कळलं असतं, टोकन मुलीकडे गेलं म्हणून. माझी नोकरी जाईल म्हणून ती बोलली नाही. बाहेर उभी राहिली, मी एकटी सापडेन म्हणून. दुपारपासून. आणि मी हॉर्न दिला गं तिला.”

तिनं शाखेचा नंबर फिरवला. पहिली घंटी पुरी व्हायच्या आत फोन उचलला गेला.

“बोला. सापडलं?” काकांचा आवाज.

“काका, तुम्ही अजून तिथंच?”

“मग कुठं जाणार? साहेबही आहेत. दोघं मिळून फळीकडे बघतोय.”

तिनं सगळं सांगितलं. कसब्यातला दवाखाना म्हटल्यावर काका म्हणाले, “ट्रस्टचं प्रसूतिगृह. माझ्या घराच्या भिंतीला भिंत आहे त्याची. या लवकर.”

मुक्ताला सोडून जायला रुपालीचा जीव होईना, तेव्हा आपा म्हणाली, “तिला घेऊ आणि मला पण घे. त्या बाईला तोंड दाखवायचं तर तिघींनी जाऊ. बाळ तर मीच नेलं होतं ना टोकनासकट.” मन्सूरभाईंना दुकानात निरोप देऊन त्या रिक्षात बसल्या.

बँकेत साहेब टेबलावर पाय पसरून बसले होते. “या. आता रात्रीचं जेवणही इथंच सांगू या, म्हणजे घर नावाची भानगडच मिटली.” पण रुपालीनं टोकन पुढे ठेवलं आणि जे घडलं ते त्यांच्याच तोंडावर सांगितलं, मूल काउंटरवर होतं यासकट. साहेबांनी पाय खाली घेतले. खिडकीतून उगाचच बाहेर पाहिलं.

“माझ्यामुळे बोलली नाही म्हणता?”

काकांनी बाजूला काढलेले पैसे टोकनाशेजारी आणून ठेवले.

“शाखेबाहेर नेऊन पैसे द्यायचे, हे कुठल्या नियमात बसतं नागोराव?”

“टोकन आहे साहेब.”

“टोकन आहे ना? मग बसतंय,” साहेब म्हणाले आणि हेल्मेट घेऊन उठले. “रुपालीबाई, ती नोंद परत घाला. आणि जरा पटापट. तुमचं ते मशीन अडकलं तर मी जबाबदार नाही.”

रुपालीनं बंद केलेला दिवस पुन्हा उघडला. मुक्ता तिच्या मांडीवर बसून कळा बडवत होती आणि साहेब शेजारी उभे राहून ते बघत होते. नोंद परत बसली, काकांनी पैसे पाकिटात घातले, मग दोघांनी आपापली किल्ली लावून तिजोरी बंद केली.

शिवाजी रस्ता संध्याकाळी कसा असतो हे पुण्यातल्या माणसाला सांगायला नको. रिक्षा तसूतसूनं सरकत होती. रुपालीच्या मनात काय काय येऊन गेलं, ते ती पुढे कधी कुणाला बोलली नाही; फक्त दर चौकात ती मुक्ताला थोडी आणखी आवळत होती. शेवटी मुक्तानंच कुरकुर केली. पुढे बोळ अरुंद झाले, तशी रिक्षा सोडली आणि काका पुढे, बायका मागे, असे सगळे चालत निघाले. साहेब स्कूटर ढकलत.

आनंदीबाई प्रसूतिगृहाच्या पायरीवर बसल्या होत्या. एकट्याच. गुडघ्यांभोवती हात, नजर जमिनीकडे. त्यांचे कान उघडे होते.

रुपालीला पाहून त्या चटकन उठल्या. पाकीट, पैसे, बँक, कशाबद्दल म्हणून त्यांनी विचारलं नाही. दोन्ही हात पुढे करून त्या मुक्ताकडेच आल्या.

“गिळलं न्हाई ना गं लेकरानं?”

रुपालीनं मूठ उघडून टोकन दाखवलं.

“आगं माजे बाई!” आनंदीबाईंनी छातीला हात लावला आणि त्या पुन्हा पायरीवर बसल्या. “दुपारधरनं ह्योच घोर लागलाय जिवाला. म्हनलं, म्याच दिलं लेकराच्या हातात, काय इपरीत झालं म्हंजी? सायबाम्होरं बोलावं तर तुज्यावर यील. भाईर हुबी ऱ्हायली. पर समद्या जनी त्वांडं बांधून! कुनाला वळखावं? तुजं घर म्हाईत न्हाई, नाव म्हाईत न्हाई.”

“पण तुमचे पैसे, आजी...”

“पैशाला काय, बँक कुटं पळून जातीया?”

“आणि इंजेक्शन?” रुपालीनं घाबरत विचारलं.

“दिलं की. मेडिकलवाल्याकडं कुड्या ठिवल्या. मानूस चांगला हाय. म्हनला, सकाळी पैशे आना आन् घिऊन जा.” त्यांनी मुक्ताला मांडीवर घेतलं. मुक्तानं सवयीनं कानाकडे हात नेला, तिथं काहीच नव्हतं, ती गोंधळून बघायला लागली. “उद्या ये हां वढायला,” आनंदीबाई तिला म्हणाल्या, आणि तेव्हा मात्र रुपालीचा बांध फुटला. आपानं तिच्या पाठीवर हात ठेवला. तिचेही डोळे काही कोरडे नव्हते, पण ती म्हणाली, “रडून घे, पण बाळाला दिसू देऊ नको. ही लगेच सुरू होईल.”

काका खाकरले. “आनंदीबाई, टोकन.”

रुपालीनं टोकन आनंदीबाईंच्या हातात दिलं. आनंदीबाईंनी ते पदरानं पुसून काकांना दिलं. काकांनी आकडा वाचला, त्यांचं नाव मोठ्यानं घेऊन पुकारा केला, तिथे त्यांच्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं तरीही, आणि पाकीट त्यांच्या ओंजळीत ठेवलं. पायरीवर बसून काढलेले बँकेच्या इतिहासातले ते पहिलेच पैसे असावेत.

“कुड्या मी सोडवून आणतो,” साहेब मध्येच म्हणाले. “मेडिकल कुठलं? कोपऱ्यावरचं?” आणि उत्तराची वाट न बघता गेले. परत आले तेव्हा कुड्या कागदात गुंडाळलेल्या होत्या आणि हातात खाऊची पुडी होती. “बाळंतिणीसाठी आहे. बालवाडीसाठी नाही,” ते रुपालीकडे न बघता म्हणाले.

वर काचेच्या खिडकीतून सिस्टरनी बाळ दाखवलं. एवढीशी कुंची, एवढीशी मूठ. भाग्यश्री शेजारच्या खोलीतून भिंत धरत आली होती आणि खिडकीपाशी उभी राहून सारखी बाळाच्या पोटाकडे बघत होती. खाली-वर होतंय ना. रुपाली तिच्याशेजारी उभी राहिली. दोघींनी एकमेकींना आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं होतं. बराच वेळ दोघी त्या खाली-वर होणाऱ्या पोटाकडेच बघत राहिल्या.

“होतंय,” रुपाली हळूच म्हणाली.

“होय,” भाग्यश्री म्हणाली.

परत निघताना काकांनी टोकन शर्टाच्या खिशात घातलं आणि वर बटण लावलं. दुसऱ्या दिवशी बँक उघडल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे तो खिळा भरला.

महिनाअखेर टोकनं गेलीच. चिठ्ठ्या आल्या, मग कार्डं आली, मग बँकच एका मोठ्या बँकेत विरघळली. फळी उतरवली तेव्हा ती कुणालाच नको होती. काकांनी ती हातगाडीवर टाकून कसब्यातल्या घरी नेली. आनंदीबाईंची नात आता शाळेत जाते. दर दिवाळीला त्या शेवंतीची पाटी घेऊन पुण्याला येतात, आधी काकांकडे आणि मग सितारा आपाकडे. हिंदुराव साहेबांनी रुपालीला कायम करायचा कागद वर पाठवला, त्यात काय लिहिलं होतं ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

दत्तप्रसादची बदली बंगळुरूला झाली आणि रुपालीचं पुणं सुटलं. जाताना ती कसब्यात जाऊन आली. काका एकटेच असतात. काकू जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी नाशिकला. फळी पलंगासमोरच्या भिंतीवर आहे. खिळ्यांना टोकनं नाहीत. एकाला छत्री, एकाला चष्म्याची दोरी, बाकी उघडे. “काका, आता एवढे रिकामे खिळे, झोप कशी लागते?” तिनं विचारलं होतं. “लागत नाही,” ते म्हणाले, आणि चहा टाकायला उठले.

ती रोज संध्याकाळी फोन करते. पण हल्ली ते कधी उचलतात, कधी नाही. दुसऱ्या दिवशी म्हणतात, ऐकू नाही आलं. खरंच ऐकू आलं नसेल. पण रुपाली रुपालीच आहे, ती त्या रात्री झोपत नाही. म्हणून पुण्याचा जो कुणी भेटेल, नाहीतर फोनवर असेल, ओळखीचा, बिनओळखीचा, त्याला ती एवढंच सांगते, आणि हे वाचणाऱ्या तुम्हालाही तिचं तेच सांगणं आहे.

कसब्याकडे कधी गेलात तर गणपतीच्या मागच्या बोळात शिरा. प्रसूतिगृहाला लागून निळ्या दाराचं घर आहे. दार नुसतं लोटलेलं असतं. तिथे उभं राहून ‘नागोराव काका’ अशी नावानं हाक मारा, मोठ्यानं. आतून “कोण? काय काम आहे?” असं तुसडेपणानं विचारतील. विचारलं म्हणजे बरे आहेत. काही काम नाही म्हणा आणि पुढे जा. पण आतून काहीच आलं नाही, तर मात्र तिथून जाऊ नका.